न जाणण्यातील जबाबदारी : 'द टर्न ऑफ द स्क्रू' आणि वाचकाचा अभिप्राय

रहस्य आणि अतिमानुष यांच्या मिश्रणातून सिद्ध होणाऱ्या कथात्म वाङ्मयाविषयी वाचक जो अभिप्राय देतो, तो समीक्षेच्या दृष्टीने फारसा विचारात घेण्याजोगा मानला जात नाही. भीती वाटली की नाही, उत्कंठा शेवटपर्यंत टिकली की मध्येच विरली, उलगडा पटला की फसवणूक झाल्यासारखे वाटले, एवढ्याच प्रश्नांभोवती हा अभिप्राय फिरतो असे गृहीत धरलेले असते. मराठीत भयकथा-गूढकथांची परंपरा क्षीण नाही. परंतु तिच्या वाचकाला काय वाटते हा प्रश्न वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीपाशी सोडून आपण साहित्यविचाराकडे वळतो. प्रस्तुत लेखात या गृहीतकाला एका विशिष्ट संहितेच्या आधारे हरकत घ्यावयाची आहे. हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८) या लघुकादंबरीविषयी वाचक जेव्हा 'भुते खरी होती' किंवा 'भुते खरी नव्हती' असे म्हणतो, तेव्हा तो केवळ आपली आवड सांगत नसतो. दहा वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूला कोण जबाबदार, याचा तो निवाडा करीत असतो. बहुधा आपण निवाडा करीत आहोत याची त्याला जाणीवही नसते.

कथानक परिचयाचे असले तरी काही तपशील पुढील विवेचनासाठी समोर असणे आवश्यक आहे. नाताळच्या सुमारास शेकोटीभोवती जमलेल्या मंडळींना डग्लस नावाचा गृहस्थ एक जुने हस्तलिखित वाचून दाखवतो. ते लिहिणारी स्त्री मरून वीस वर्षे झालेली आहेत. खेड्यातील एका गरीब धर्मोपदेशकाची ही धाकटी मुलगी वयाच्या विसाव्या वर्षी लंडनमधील हार्ले स्ट्रीटवर राहणाऱ्या एका श्रीमंत, देखण्या गृहस्थाकडे गव्हर्नेसची नोकरी पत्करते. त्याचा पोरका पुतण्या माइल्स आणि पुतणी फ्लोरा यांना ब्लाय येथील गढीवजा घरात सांभाळायचे आहे. अट एकच : काहीही घडले तरी मालकाला तोशीस लागू द्यायची नाही. माइल्सला शाळेतून काढून टाकल्याचे पत्र येते, कारण मात्र कळत नाही. मग निवेदिकेला प्रथम मनोऱ्यावर आणि नंतर खिडकीबाहेर एक अनोळखी पुरुष दिसतो. तिने केलेल्या वर्णनावरून घरची व्यवस्था पाहणारी मिसेस ग्रोस ओळखते की हा मालकाचा मृत नोकर पीटर क्विंट. पुढे तळ्याकाठी पूर्वीची मृत गव्हर्नेस मिस जेसल दिसते. मुलांनाही ही भुते दिसतात, मुले त्यांना सामील आहेत आणि तसे ती लपवीत आहेत, अशी निवेदिकेची खात्री पटत जाते. अखेरीस ती फ्लोराला मिसेस ग्रोसबरोबर दूर पाठवते, माइल्सबरोबर एकटी राहते आणि त्याच्याकडून क्विंटचे नाव वदवून घेते. नाव उच्चारल्यानंतर काही क्षणांत मुलगा तिच्या मिठीत मरतो.

या कथेचे बीज जेम्सला १० जानेवारी १८९५ रोजी कँटरबरीचे आर्चबिशप एडवर्ड बेन्सन यांच्याकडून मिळाले. पाचच दिवसांपूर्वी लंडनच्या रंगभूमीवर त्याचे 'गाय डॉमव्हिल' हे नाटक प्रेक्षकांच्या हुर्योत कोसळले होते. दोन दिवसांनी त्याने टिपणवहीत जी नोंद केली, तिच्यात दुष्ट नोकर आहेत, मुले आहेत, मृत्यूनंतर मुलांना खुणावणारी भुते आहेत. निवेदिका असलेली गव्हर्नेस मात्र नाही. गोष्ट बाहेरच्या कुणा पाहणाऱ्याने सांगावी, एवढाच विचार तेथे आहे. या तपशिलाकडे मला विशेष लक्ष वेधावेसे वाटते. बीजापासून संहितेपर्यंतच्या वाटचालीत जेम्सने बाहेरचा साक्षीदार काढून टाकला आणि जी पाहते तिलाच कृती करणारी केले. आर्चबिशपांच्या गोष्टीत प्रश्न भुतांच्या दुष्टपणाचा होता. जेम्सच्या गोष्टीत तो पाहणारीच्या वर्तनाचा झाला. तंत्राच्या पातळीवरील म्हणून आपण ज्याची वासलात लावतो, तो निवेदनाच्या स्थानाचा बदल येथे नैतिक बदल आहे.

१९३४ मध्ये एडमंड विल्सनने 'हाउंड अँड हॉर्न' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखामुळे या संहितेचे वाचक दोन छावण्यांत विभागले गेले. एडना केंटनने १९२४ मध्येच जी दिशा सूचित केली होती, ती पत्करून विल्सनने असे प्रतिपादन केले की भुते फक्त निवेदिकेलाच दिसतात. मालकाविषयीच्या दडपलेल्या आकर्षणातून उद्भवलेले ते भास आहेत. १९४७ व १९४८ मध्ये रॉबर्ट हाइलमनने याला उत्तर दिले. त्याच्या मते ब्लाय ही एदेनची बाग आहे, मुले पतनाच्या उंबरठ्यावर आहेत आणि निवेदिका त्यांना तारू पाहणारी आहे. दोन्ही बाजूंनी पुरावे गोळा झाले. भुते जर भास, तर ज्याला तिने कधी पाहिले नाही त्या क्विंटचे लाल कुरळे केस आणि लांबट फिकट चेहरा तिला कसा वर्णिता आला? तिने गावात चौकशी केली असावी, असे उत्तर पुढे कुणी सुचवले. या चकमकीत खर्ची पडलेली विद्वत्ता आदरणीय आहे. पण ती वाचताना आपण एखाद्या दिवाणी दाव्याची कैफियत वाचीत आहोत असे वाटू लागते.

दोन्ही छावण्यांच्या निवाड्यात एक साम्य आहे आणि त्याची चर्चा पुरेशी झालेली नाही. विल्सनच्या वाचनात निवेदिका रुग्ण ठरते. रुग्णावर आपण दोष ठेवीत नाही. तिच्या हातून जे घडले ते आजाराने घडवले. हाइलमनच्या वाचनात ती हुतात्म्याच्या कोटीला जाते. तिच्या हातून जे घडले ते दुष्टशक्तीने घडवले आणि तिचा पराभव उदात्त ठरतो. म्हणजे एका वाचनात ती निर्दोष आहे कारण ती आजारी आहे, दुसऱ्यात ती निर्दोष आहे कारण तिचे खरे आहे. माइल्सचा मृत्यू दोन्हींकडे कर्त्याविना उरतो. भुतांच्या अस्तित्वाविषयीचा प्रश्न सुटला की मुलाच्या मृत्यूविषयीचा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही, अशी ही व्यवस्था आहे. तो प्रश्न एवढ्या हिरिरीने लढवला गेला याचे एक कारण या सोयीतही असावे.

त्स्वेतान तोदोरोव्हने १९७० मध्ये अद्भुताच्या साहित्याविषयीचा आपला सिद्धान्त मांडताना या द्वंद्वातून बाहेर पडण्याचा मार्ग दाखवला. नैसर्गिक स्पष्टीकरण आणि अतिमानुष स्पष्टीकरण यांच्यामध्ये वाचकाने घुटमळत राहणे, हेच त्याच्या मते या साहित्यप्रकाराचे लक्षण होय. बहुतेक संहिता शेवटी एका बाजूला कलतात. अखेरपर्यंत न कलणाऱ्या मोजक्या संहितांत 'द टर्न ऑफ द स्क्रू'चा समावेश होतो. १९७७ मध्ये शोशाना फेल्मनने आणखी पुढचे पाऊल टाकले. तिच्या विवेचनानुसार, अर्थ पकडू पाहणारा वाचक आणि माइल्सला पकडू पाहणारी निवेदिका यांची कृती एकच आहे; विल्सन संहितेकडून कबुलीजबाब मागतो तेव्हा तो निवेदिकेचेच अनुकरण करीत असतो. हे निरीक्षण अतिशय तीक्ष्ण आहे आणि ते वाचल्यानंतर या संहितेचे निरागस वाचन करणे अवघड होते.

तथापि या भूमिकेचे जे रूप आपल्याकडील विद्यापीठीय वर्गांतून रुजले, ते मला अस्वस्थ करणारे वाटते. एम.ए.च्या वर्गात ही संहिता चर्चेस घेतली की पहिला प्रश्न येतो तो 'भुतं खरी होती का?' हाच. थोड्या महिन्यांनी, सिद्धान्ताचा परिचय झाल्यावर, तेच विद्यार्थी तो प्रश्न विचारणाऱ्या धाकट्या विद्यार्थ्याकडे किंचित करुणेने पाहू लागतात. संहिता अनिर्णेय आहे, निर्णय करणे हा भाबडेपणा आहे, असे ते सांगतात. पहिला प्रश्न अपुरा होता हे मान्य. परंतु त्याच्या मागे एक कळकळ होती. त्या मुलाचे नेमके काय झाले, हे त्या विद्यार्थ्याला हवे होते. अनिर्णेयतेच्या पवित्र्यात तीच नाहीशी होते. फेल्मनच्या समीकरणातही एक धोका आहे. वाचक आणि निवेदिका यांचा अपराध एकच ठरला, तर सर्वजण सारखेच अपराधी ठरतात. आणि सर्वजण सारखेच अपराधी असले की कुणीच विशेष अपराधी उरत नाही. संहितेला नीट न वाचणे आणि मुलाचा जीव जाईपर्यंत त्याला दाबून धरणे यांत अंतर आहे. ते पुसणारा सिद्धान्त कितीही चतुर असला तरी त्याला कुठेतरी अडवले पाहिजे.

माझे म्हणणे असे की भुतांविषयीची अनिश्चितता आणि वर्तनाविषयीची अनिश्चितता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी निष्पन्न होत नाही. किंबहुना पहिली कायम ठेवली, तरच निवेदिकेच्या वर्तनाचा विचार करता येतो. भुते निश्चितपणे आहेत किंवा निश्चितपणे नाहीत असे ठरताच ती हुतात्मा तरी होते नाही तर रुग्ण. आपल्या कृतीला उत्तरदायी असणारी व्यक्ती राहत नाही. जिला पुरेसे कळलेले नाही आणि तरीही जिला काहीतरी करणे भाग आहे, तीच उत्तरदायी असते. तोदोरोव्हचे घुटमळणे हा केवळ वाचकाचा अनुभव मानणे म्हणूनच अपुरे आहे. मुळात घुटमळायला हवे होते ते निवेदिकेने. ती घुटमळली नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भुते असण्याची शक्यता जर आपण खरोखरच खुली ठेवीत असू, तर संयम हीसुद्धा एक कृती ठरते. मुले जर खरोखर कुणाच्या कह्यात जात असतील, तर त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ देणे म्हणजे त्यांना सोडून देणे. वैद्याला निदानाची खात्री नसतानाही कधी कधी शस्त्र हाती घ्यावे लागते आणि रोगी दगावला म्हणून आपण वैद्याला खुनी ठरवीत नाही. हा आक्षेप मला बिनतोड वाटत नसला तरी त्याचे वजन मी नाकारीत नाही. त्यावरचे उत्तर सर्वसाधारण तत्त्वात सापडणार नाही. ते संहितेत शोधावे लागते. आपण चुकत आहोत की काय, हे कळण्याचे कोणते मार्ग निवेदिकेला उपलब्ध होते आणि त्यांचे तिने काय केले?

शाळेचे पत्र आले तेव्हा तिने मुख्याध्यापकांना लिहिले नाही, मालकाला लिहिले नाही, माइल्सलाही विचारले नाही. त्याच्या चेहऱ्याचे लावण्य पाहून तो दोषी असणे अशक्य, असे तिने ठरवले. पुढे, साधारण मध्यावर, मुले दोषी आहेत असे ती ठरवते, तेव्हा पुरावा पुन्हा तोच असतो : इतके सौंदर्य, इतका चांगुलपणा स्वाभाविक असूच शकत नाही, तेव्हा ते सोंग आहे. निष्कर्ष उलटा झाला, खात्री करून घेण्याची रीत मात्र तीच राहिली. संशयाला जागा पहिल्या निष्कर्षातही नव्हती आणि दुसऱ्यातही नाही. जेम्सने हा सांधा किती शांतपणे बसवला आहे हे पाहण्यासारखे आहे.

तळ्याकाठच्या दुसऱ्या प्रसंगात मिसेस ग्रोस तिच्या शेजारी उभी आहे. निवेदिका समोर बोट दाखवते. मिसेस ग्रोसला काहीही दिसत नाही आणि ती तसे स्पष्ट सांगते. अक्षरओळख नसलेली ही बाई संपूर्ण घरात एकटीच अशी आहे, की जिचे न दिसणे हा पुरावा ठरू शकला असता. निवेदिका त्या न दिसण्याला पुरावा मानीत नाही. आपला आधार निसटला एवढाच अर्थ ती त्यातून काढते. दुसऱ्या दिवशी मिसेस ग्रोस फ्लोराला घेऊन निघून जाते. आपल्याला थांबवू शकेल अशी शेवटची व्यक्ती निवेदिकेने स्वतःच्या योजनेनुसार घरातून दूर केलेली असते. (खिडकीबाहेर क्विंट दिसला तेव्हा ती बाहेर धावत जाऊन नेमकी त्याच्याच जागी उभी राहिली होती आणि आत आलेली मिसेस ग्रोस तिला पाहून भेदरली होती, हे या संदर्भात आठवावे. त्या घरात कुणाला कुणाचे भय वाटावे, याचा एक इशारा संहितेने फार आधी देऊन ठेवला आहे.)

माइल्स स्वतःही बोलतो. शाळेत परत जायचे आहे, आपल्यासारख्या मुलांत राहायचे आहे, असे तो चर्चच्या वाटेवर सांगतो. त्या रात्री ती त्याच्या खोलीत जाते, आर्जवाने, प्रेमाने त्याला विचारत राहते. आणि तो तिच्याजवळ एवढेच मागतो की तिने आपल्याला आपल्यापुरते राहू द्यावे. भुते असोत वा नसोत, ही मागणी वाचकाच्या कानांवर पडलेली असते. विल्सन आणि हाइलमन यांच्या वादात तिला स्थान नाही, कारण भुतांच्या असण्यानसण्याविषयी ती काहीच सिद्ध करीत नाही.

आणि शेवटचा प्रसंग. निवेदिकेने मुलाला धरून ठेवले आहे. शाळेत काय केलेस, कुणाला काय सांगितलेस, असे प्रश्न चालू आहेत. आपल्याला आवडणाऱ्या काही मुलांना आपण काही गोष्टी सांगितल्या, एवढेच तो सांगतो. या क्षणी तिच्या मनात विचार येतो, की हा जर निष्पाप असेल, तर मग मी कोण? संहितेत स्वच्छपणे नोंदवलेले आहे की या विचारासरशी तिची पकड किंचित सैल होते, आणि मुलगा खोल श्वास टाकून तोंड फिरवतो. संपूर्ण लघुकादंबरीत संशयाचा स्पर्श तिला जर कोठे खऱ्या अर्थाने झाला असेल तर येथे; आणि त्या स्पर्शाचा परिणाम शारीरिक आहे, मुलाला श्वास मिळतो. पण खिडकीत तिला क्विंट पुन्हा दिसतो, खात्री परतते, पकड घट्ट होते. भुतांच्या अस्तित्वाविषयी येथेही काही ठरत नाही. ठरते ते एवढेच की संशयात मुलगा श्वास घेत होता. तिने आपल्या हाताने लिहून ठेवलेली ही नोंद तिच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा आहे; ती लिहिण्याइतका प्रामाणिकपणा तिच्यात होता, हे तिच्या बाजूने म्हटले पाहिजे. वैद्याच्या दृष्टान्ताचे उत्तरही येथेच आहे. अनिश्चित निदानावर शस्त्र चालवणारा वैद्य दुसऱ्याचे मत घेतो, नाडीवर बोट ठेवतो, थांबायची तयारी ठेवतो. माइल्सच्या छातीची धडधड तर निवेदिकेला जाणवत होती आणि तिने ती नोंदवलेलीही आहे. तिच्या लेखी ते यश जवळ आल्याचे लक्षण होते.

मराठी वाचकाला हा शेवटचा प्रसंग परका नाही. बाधा झालेल्याला समोर बसवून 'तू कोण? नाव सांग' असे विचारत राहणे आणि नाव उच्चारले गेले की बाधा सुटली असे मानणे, ही रीत देवऋषी आणि भगत यांच्या व्यवहारातून आपल्या परिचयाची आहे. धर्मोपदेशकाच्या त्या मुलीची पद्धत तत्त्वतः हीच आहे, फक्त धुरी आणि चाबूक यांच्या जागी मिठी आणि अश्रू आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट रोजी झालेल्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी अध्यादेश आणि मग कायदा आला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे त्याने गुन्हे ठरवले. या कायद्याने भुते नाहीत असे घोषित केलेले नाही. तसे घोषित करणे हे कायद्याचे कामही नव्हे. भुताच्या नावाने जिवंत माणसाच्या देहाशी काय करता येणार नाही, तेवढे त्याने सांगितले. सत्ताशास्त्रीय प्रश्न बाजूला ठेवून वर्तनाचा निवाडा करणे शक्य आहे की नाही, असा संशय असणाऱ्या सिद्धान्तप्रेमी अभ्यासकाने या मजकुराचे वाचन अवश्य करावे.

आपल्या बुद्धिवादी वाचकाकडूनही येथे एक घाई होऊ शकते. भुते नसतातच, म्हणून निवेदिका वेडी, म्हणून प्रश्न मिटला, असे त्याला म्हणावेसे वाटेल. पण मग ज्याला भूत मानता येत नाही, पण खात्री तेवढीच पक्की आहे, अशा ठिकाणी त्याच्याजवळ बोलण्यासारखे काही उरणार नाही. मुलाच्या भल्यासाठी त्याच्याकडून काहीतरी कबूल करून घ्यायचेच, असे ठरवलेले पालक आणि शिक्षक भुतांवर विश्वास नसलेलेही असतात. दुसऱ्या टोकाला, नारायण धारपांच्या 'समर्थ' कथांवर पोसलेल्या वाचकाला ब्लायमध्ये एका अधिकारी पुरुषाची उणीव जाणवेल. तेथे अशुभाचे अस्तित्व आणि ते ओळखण्याचा अधिकार हे दोन्ही आधीच निश्चित असतात, त्यामुळे वाचक निर्धास्तपणे घाबरू शकतो. तो आनंद कमी प्रतीचा आहे असे मी म्हणणार नाही. जेम्सने तो आनंद देऊ करून मध्येच काढून घेतला, एवढाच भेद येथे महत्त्वाचा.

हा आनंद कोणाच्या जिवावर, हेही संहिता लपवीत नाही. प्रस्तावनेतच श्रोत्यांपैकी कुणी म्हणतो की भुताच्या गोष्टीत मूल असले की पिळाचा एक वळसा वाढतो, आणि मुले दोन असली तर दोन वळसे. शीर्षक तेथून आले. १९०८ च्या आपल्या प्रस्तावनेत जेम्सने असे सुचवले आहे की मुलांवर आलेल्या संकटाचा तपशील त्याने मुद्दाम दिला नाही. तो वाचकाने स्वतःच्या मनातून भरावा. क्विंटने त्या मुलाचे नेमके काय केले, हे आपल्यातील प्रत्येकाला 'माहीत' असते आणि संहितेत ते कोठेही नाही. वाचकाने पुरवलेल्या या ऐवजाची जबाबदारी निवेदिकेवर टाकता येत नाही, जेम्सवरही येत नाही.

हार्ले स्ट्रीटवरील मालकाविषयी मात्र जवळजवळ सगळेच समीक्षक गप्प आहेत. विल्सनला तो आकर्षणाचा विषय म्हणून हवा असतो, हाइलमनला त्याची फारशी गरज पडत नाही. वस्तुतः भुतांविषयी कोणतेही मत न बनवता ज्याच्याविषयी निर्णायक मत बनवता येते असा या कथेत तो एकच इसम आहे. वीस वर्षांच्या अननुभवी मुलीच्या हाती दोन पोरकी मुले सोपवून, मला काही कळवू नका, अशी अट घालणारा हा माणूस प्रत्यक्षात ब्लायमध्ये एकदाही येत नाही. निवेदिकेने शेवटी त्याला एक पत्र लिहिले होते. ते माइल्सने चोरले, उघडले; त्यात काहीच नव्हते असे त्याने सांगितले. मुलगा गेल्यानंतर तिने मालकाला काय कळवले, कळवले की नाही, याविषयी हस्तलिखितात एक अक्षरही नाही. ते थांबते तेथेच संहिता थांबते. शेकोटीभोवतीच्या मंडळींकडे जेम्स परत जात नाही, त्यांच्यापैकी कुणाचा अभिप्राय नोंदवीत नाही. ती सारी हकीकत तिने पुढे कित्येक वर्षांनी, सुरेख अक्षरात, लिहून काढली आणि मरण्यापूर्वी डग्लसकडे पाठवली. त्याच्या बहिणीला शिकवायला ती त्यांच्या घरी राहिली होती आणि आपल्या माहितीतील तिच्या व्यवसायातल्या स्त्रियांत ती सर्वांत भली होती, असे डग्लस श्रोत्यांना सांगतो.